जांभूपाटीपर्यंत पोचणारे टायर

ज्योत्स्ना तायडेनं नवऱ्याकडे जाता यावं म्हणून गाडी घेतली, आणि ती गाडी नवऱ्यापर्यंत पोचत नव्हती.

नवरा, ललित, धारणीच्या पलीकडे जांभूपाटी नावाच्या गावात आश्रमशाळेवर शिक्षक होता. ती अमरावतीला सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. लग्नाला नऊ वर्षं होत आली होती. त्यातलं एकत्र राहणं म्हणाल तर पहिलं वर्ष, आणि नंतर नुसत्या सुट्ट्या. मूल झालं नव्हतं. तो विषय काढणं दोघांनीही हळूहळू सोडून दिलं होतं. "यंदा बदली होईन," असं ललित दर उन्हाळ्यात म्हणायचा. उन्हाळा सरायचा, शाळा उघडायची, आणि तो पिशवी भरून परतवाड्याच्या बसमध्ये बसायचा.

जांभूपाटीत फोनला रेंज नव्हती. गावामागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तर कधी लागायचा. रविवारी संध्याकाळी ललित तिथं चढून जायचा आणि ज्योत्स्ना सगळी कामं आटोपून, फोन मांडीवर घेऊन बसायची. त्याच्या आवाजामागं वारा असायचा. कधी एखादं वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि मग पुन्हा लागायचंच नाही. तरी ती आपलं वाक्य पूर्ण करायची. सांगायचं ते सांगून टाकल्याशिवाय तिला उठवत नसे.

प्रयोगशाळेत धारणीकडचे रुग्ण आले की तिचा हात जरा रेंगाळायचा. "गाव कोनतं?" ती विचारायची. कुणी जांभूपाटीच्या आसपासचं नाव घेतलं तर सुई काढून कापूस दाबताना ती आणखी दोन गोष्टी विचारायची. तिकडं पाऊस किती झाला, रस्ता चालू आहे का. शाळेचं विचारणं मात्र ती टाळायची. आपल्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल अशी तिला भीती वाटायची.

घरात सासू होती, दुर्गाबाई. सासरे देवमन वारल्यापासून दोघीच. दुर्गाबाईचे गुडघे गेले होते. बसली तर उठायला आधार लागायचा आणि पायरी आली की आधी ती पायरीकडं रागानं पाहायची. तिला एकच ध्यास होता, मुलाची शाळा बघायची. "माया पोरगा मास्तर झाला आन मी त्याची शाळा पायली नाही," हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बसनं जाणं तिच्यानं होणार नव्हतं. म्हणून ज्योत्स्नानं एक जुनी, पांढरी बोलेरो घेतली, चालवायला शिकली, आणि गेल्या दिवाळीआधी सासूला घेऊन निघाली.

धारणीपर्यंत काही झालं नाही. पुढं डांबर संपलं. शेवटच्या पाड्यानंतर तर रस्ता म्हणजे चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे दगडांचा उंचवटा. त्या उंचवट्यावर गाडी मागून खाड्कन आदळली, आत दोघींचे दात वाजले, आणि काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. ज्योत्स्नानं पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी तिनं गाडी पाड्यावर मागं आणली. सासूला एका घराच्या ओसरीवर बसवलं आणि स्वतः चालत शाळेकडं गेली. ललितला घेऊन ती परत आली तेव्हा दुपार कलली होती. जंगलातलं फाटक संध्याकाळी बंद होतं, त्याच्या आत निघायला हवं होतं. आई आणि मुलगा ओसरीवर थोडा वेळ बसले. ज्योत्स्नाच्या वाट्याला वाटेवरचं चालणंच आलं, आणि त्यातही अर्धा वेळ तो आईच्या गुडघ्यांबद्दल विचारत होता.

निघताना दुर्गाबाई म्हणाली, "शाळा राह्यलीच."

ज्योत्स्नाही मनात तेच म्हणत होती. पण तिचं राहिलेलं निराळं होतं.

---

दवाखान्याच्या औषधखिडकीवर गजाला बसायची. ज्योत्स्नाची मैत्रीण, दोघींचा डबा एकत्र. तिचा भाऊ वकार अकोल्याला टायरचं दुकान आणि छोटं वर्कशॉप चालवत होता. "त्याच्याकडं पोरं येतात गाड्या उंच करायले," गजालानं सांगितलं. "जाऊन तर पाय. माया भाऊ हाय, फसवनार नाही."

हिवाळ्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी ज्योत्स्ना सासूला घेऊन अकोल्याला गेली. बडनेरा, मूर्तिजापूर, सरळ रस्ता. दुर्गाबाई खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत होती.

वकार चाळिशीचा, बोलायला भरभर. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि लगेच निकाल दिला. "ताई, लिफ्ट किट लावून देतो. गाडी दोन इंच वर जाते. मंग मोठे टायर आरामात बसते. सगळे तसंच करते."

दुकानापुढं तशी एक गाडी उभीच होती, कुणाची तरी, काळीभोर, इतकी उंच की तिच्या दाराशी उभं राहिलं तर सीट छातीला लागावी. ज्योत्स्नानं सासूकडं पाहिलं. वकारनंही पाहिलं. तो म्हणाला, "अम्मा, जरा चढून पायता का?"

दुर्गाबाईनं दाराचं हँडल धरलं, पाय उचलला. पाय पायदानाच्या वीतभर खालीच अडकला. वकारनं हात पुढं केला, तिनं तो झिडकारला, पुन्हा पाय उचलला, आणि मग काळ्या गाडीला टेकून उभी राहिली.

"मले पोराकडं जायचं हाय, बाप्पा," ती म्हणाली, "झाडावर नाही."

वकार हसला, पण लगेच गंभीर झाला. "लिफ्ट न करता मोठे टायर बसवले तर घासते, ताई. वळवताना आतल्या पत्र्याले लागते. मी खोटं काहून सांगू?"

"गाडी लागते कुठं ते आधी पाहून घ्या ना," ज्योत्स्ना म्हणाली.

त्यानं गाडी जॅकवर घेतली आणि खाली शिरला. बराच वेळ त्याचे पायच दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याचा सूर बदलला होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा जो गोळा असतो, इंजिनाची ताकद चाकांना वाटून देणारा, त्याच्या पोटावर दगडाचे ओरखडे होते. बाकी कुठंच काही लागलेलं नव्हतं.

"मी बी घाईच केली बोलायची," तो म्हणाला. "लिफ्टनं बॉडी वर जाते. हा गोळा चाकाच्या लाइनीत बसला हाय, तो जिथल्या तिथंच राह्यते. याले वर न्यायचं त टायरच मोठा पायजे."

"मंग मोठा टाका."

"एकच साइज मोठा. त्याच्या वर म्हणसान तर मी हात लावत नाही. आन गोळा वर जाईन तो दीड सेंटीमीटर. फक्त दीड." त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून अंतर दाखवलं. "तेवढ्यानं काम होईन का?"

ज्योत्स्नाला तो उंचवटा आठवला. गाडी त्याच्यावर बसली नव्हती, अडकली नव्हती, फक्त आदळली होती. "होईन," ती म्हणाली. तिला खात्री नव्हती. पण दीडच सेंटीमीटर म्हणून ती अकोल्याहून तशीच परत जायला तयार नव्हती.

टायर बसले. जाडजूड खाचांचे, काळे, गाडीच्या वयाला न शोभणारे. वकारनं स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूच पुढं घेतली आणि डाव्या चाकातून खर्रर्र असा आवाज आला. तो उतरला, चाकामागची चिखल अडवणारी रबरी पट्टी काढून मागं सरकवली, आतलं प्लास्टिकचं अस्तर जिथं घासत होतं तिथं कापलं. पुन्हा वळवलं. आवाज कमी झाला, पण गेला नाही. मग त्यानं स्टेअरिंगच्या टोकाचा बोल्ट थोडा बाहेर काढला, चाक पूर्वीइतकं पूर्ण वळणारच नाही असा. आता आवाज गेला.

पण त्याचं समाधान झालं नव्हतं. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यात फरक पडतो म्हणून त्यानं दुर्गाबाईला मागच्या सीटवर बसवलं, शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून आत कोंबलं, एक चाक लाकडाच्या ठोकळ्यावर चढवलं आणि खाली वाकून बघत राहिला. दुर्गाबाई दोन अनोळखी माणसांच्या मधे ताठ बसून होती. "ललित्याले सांगन," ती म्हणाली, "तुया शाळेपायी मी काय काय केलं."

निघताना वकारनं ज्योत्स्नाला खिडकीशी थांबवलं. "ताई, एक ध्यानात ठेवा. गाडी आता पयलेसारखी वळनार नाही. घाटात टाइट वळन आलं त घाबरू नका, जरा मागं घ्या, मंग पुढं. ब्रेक बी थोडा आधी दाबा. आन काट्यावर साठ दिसले तर गाडी साठच्या वर पळून राह्यली समजा."

ज्योत्स्नानं मान हलवली. ती मनातल्या मनात त्या उंचवट्यावर पोचली होती.

---

ललितला त्यांनी काही कळवलं नाही. पुढच्या शनिवारी पहाटे दोघी निघाल्या. परतवाडा मागं पडलं, घटांगचा घाट लागला. एका वळणावर गाडी खरंच वळेना. मागून एसटी आली. ज्योत्स्नानं गाडी थोडी मागं घेतली, पुन्हा चाक फिरवलं आणि निघाली. एसटीवाल्यानं हॉर्न वाजवला नाही, थांबून राहिला. सेमाडोहला त्यांनी चहा घेतला. हरिसाल गेलं, धारणी गेलं, डांबर संपलं.

शेवटच्या पाड्यावर ती बाई ओसरीवर उभी होती जिच्याकडं दुर्गाबाई मागच्या वेळी बसली होती. तिनं हात केला. ज्योत्स्ना थांबली नाही. थांबली असती तर तिला पुन्हा निघायचा धीर झाला नसता.

उंचवटा आला. तिनं पहिला गिअर टाकला आणि चाकं चाकोऱ्यांत सोडली. दगड पुढून गाडीखाली गेले. आता, आता आदळेल, असं वाटत राहिलं. मागच्या सीटवर दुर्गाबाईचा श्वास ऐकू येत होता. खालून एक हलकासा खरवडल्याचा आवाज आला, कुणी नखानं ओढावं तसा, आणि गाडी पुढं गेली.

"झालं?" दुर्गाबाईनं विचारलं.

"झालं, आई."

दुर्गाबाई रडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले. ज्योत्स्नानंही समोरच्या आरशात एकदा पाहून घेतलं. चेहऱ्यावर धूळ होती. ती पुसावी की राहू द्यावी हे तिला ठरवता येईना, तेवढ्यात शाळेचं कौलारू छप्पर दिसलं.

ललित आवारात पोरांना घेऊन लाकडाच्या एका मोडक्या बाकाला खिळे मारत होता. गाडीचा आवाज ऐकून त्यानं वर पाहिलं, आणि हातोडी हातातच राहिली. तो धावत आला. आधी आईच्या दाराशी गेला, तिला दोन्ही हातांनी धरून उतरवलं, तिच्या पाया पडला. मग गाडीच्या या बाजूला आला. पोरं बघत होती, म्हणून त्यानं ज्योत्स्नाच्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि तो काढायला जरा उशीर केला.

"गाडी इथवर कशी आली?" त्यानं विचारलं.

"टायर बदलले."

तो चाकाशी उकिडवा बसला. खाचांवरून हात फिरवला, आत वाकून कापलेलं प्लास्टिक पाहिलं. "हे कोनं केलं?"

"अकोल्याले जाऊन करून आनलं. आईले शाळा पायची होती."

"आईले," तो म्हणाला आणि हसला. ज्योत्स्नाही हसली. तो एक क्षण तिनं पुढं फार दिवस जपून ठेवला.

दुर्गाबाईला शाळा दाखवायला सगळी शाळा लोटली. तिनं प्रत्येक वर्ग पाहिला, फळ्यावरचं मुलाचं अक्षर पाहिलं, झोपायच्या खोल्या पाहिल्या, विहीर पाहिली. मग स्वयंपाकघराच्या पडवीत खुर्ची टाकून तिला बसवलं. शाळेची स्वयंपाकीण जाईबाई तिच्यासाठी चहा घेऊन आली. पन्नाशीची, हसतमुख बाई. ज्योत्स्ना खाली चटईवर बसली होती.

"बरं झालं तुमी आल्या," जाईबाई म्हणाली. "सरांची माय पायली. उन्हाळ्यात तर वाटलं, गेले आता सर. अमरावतीची ऑर्डर आलती ना. पोट्टे रडले, मी बी रडली. मंग सरांनी वापस केली. इथंच राह्यतो म्हणले."

दुर्गाबाईनं कप खाली ठेवला नाही. घोट घेतला, गिळला. ज्योत्स्नाकडं पाहिलंही नाही.

"साखर बरोबर हाय ना?" जाईबाईनं विचारलं.

"बरोबर हाय," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं अजून कप तोंडाला लावला नव्हता.

---

ललितची खोली शाळेमागं होती. ऊन उतरल्यावर तो आणि ज्योत्स्ना खोलीच्या पायरीवर बसले. आत दुर्गाबाई पडली होती. आवारात पोरं कबड्डी खेळत होती, त्यांचा दम धरल्याचा आवाज येत होता. ललित खूप बोलत होता. तिनं कित्येक महिन्यांत त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. पाठीमागं वारा नव्हता, तुटणारी रेंज नव्हती. तो अगदी शेजारी होता, त्याच्या कोपराचा स्पर्श होत होता. असंच बसून राहावं, विचारूच नये, असं तिला वाटलं. आणि तिनं विचारलं.

"ऑर्डर आली होती?"

कुणी सांगितलं हे त्यानं विचारलं नाही. "हाव."

"अमरावतीची?"

"वसतिगृहावर. अधीक्षक म्हणून."

"आन तुमी मले सांगतलं, यंदाही झाली नाही."

तो हातातली काडी मोडत राहिला. "दहावीची पयलीच बॅच हाय, ज्योत्स्ना. या गावातलं आजवर कोनी दहावीले बसलं नाही. मी गेलो असतो तर दुसरा मास्तर येईपर्यंत वर्ष गेलं असतं." मग म्हणाला, "पण तेवढंच नाही. मले इथं करमते. तिथं रजिस्टर सांभाळत बसनं माझ्यानं नाही होत. हे तुले सांगायची हिंमत झाली नाही."

"आन माझ्याबिगर बी करमते?"

"नाही करमत." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "दोन्ही खरं हाय. मी काय करू?"

तिला राग येईल असं तिला वाटलं होतं. राग आला नाही. इतकी वर्षं तिनं त्या रस्त्याला शिव्या दिल्या होत्या. तो रस्ता, ते नाले, ते मधले दगड. आज गाडी सगळं ओलांडून इथवर आली, आणि ज्याच्यासाठी आली तो मात्र तितकाच दूर बसला होता.

"धारणीच्या दवाखान्यात प्रयोगशाळा हाय," ती म्हणाली. "तिथं कोनी जात नाही. मले दोन वेळा विचारलं, जाता का म्हणून. मी दोन्ही वेळा नाही म्हणलं."

"काहून?"

"तुमी अमरावतीले येनार होते ना."

ललितच्या हातातली काडी संपली होती. तो नुसतेच हात बघत राहिला. आवारात कुणीतरी बाद झालं, पोरं ओरडली.

"मले वाटलं," तो हळू म्हणाला, "तू इकडं कायले येशीन. तिथं सगळं सोडून."

"तुमाले वाटलं," ज्योत्स्ना म्हणाली. "विचारलं काहून नाही?"

ती उठली, आत जाऊन सासूच्या अंगावर पांघरूण घातलं. दुर्गाबाई जागी होती. तिनं सुनेचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सकाळी निघताना ललितनं आईला गाडीत बसवलं. मग ज्योत्स्नाच्या खिडकीशी आला. "आता विचारू का?" तो म्हणाला.

"आता नका विचारू," ती म्हणाली. "आता मी म्हणीन ते रागानं म्हणीन, नाही तर तुमी समोर हाय म्हणून म्हणीन."

तिनं गाडी सुरू केली. आरशात तो शाळेच्या फाटकाशी उभा दिसत होता. वळणापर्यंत ती आरशातच बघत होती. त्या वळणावर पुन्हा एकदा गाडी मागं घ्यावी लागली आणि तो पुन्हा एकदा दिसला.

धारणी मागं पडलं. मग दुर्गाबाई म्हणाली, "मले बी नाही सांगतलं त्यानं. तुये सासरे बी असेच होते. बाहीर सगळ्या गावाचं ऐकून घेत, आन घरी सांगाचं ते राहूनच जाये. मी जनमभर त्याईच्या तोंडाकडं पायत राह्यली." खिडकीबाहेर सागाची झाडं पळत होती. "मी त्याची माय हाय, मी काही बोलली नाही. तू बोलली ते बरं केलं."

---

त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला तेव्हा ज्योत्स्नानं तो उचलला नाही. थोड्या वेळानं सासूचा वाजला. दुर्गाबाई बोलत होती, गुडघ्यांचं, तुरीच्या भावाचं, शेजारच्या लग्नाचं. ज्योत्स्ना स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. त्याचा आवाज नीट येत नव्हता, मागचा वारा मात्र येत होता. कढईतली भाजी करपायला लागली तरी ती तिथून हलली नाही. पुढच्या रविवारीही तसंच झालं.

ती त्याच्यावर चिडली नव्हती. गजालानं डबा खाताना विचारलं तेव्हा तिलाही नीट सांगता आलं नाही. "मीच जात राह्यली," ती शेवटी म्हणाली. "चालत गेली, गाडी घेतली, टायर बदलले. एकदा कोनी माझ्याकडं यावं, एवढंच."

गजालानं तिच्या पोळीवर आपली भाजी वाढली.

मग भर आठवड्यात, शाळा चालू असतानाच्या दिवशी, सकाळच्या गर्दीत गजाला प्रयोगशाळेच्या दारात आली. "ज्योत्स्ना, भाईर ये जरा. सर आले तुये."

ज्योत्स्ना हातमोजे घालूनच बाहेर गेली. रक्त द्यायला आलेल्या लोकांच्या बाकावर, एका गरोदर बाईच्या आणि एका म्हाताऱ्याच्या मधे ललित बसला होता. अंगावर धुळीनं माखलेला शर्ट, पायाशी पिशवी. पहाटेच्या बसनं आला असावा. तिला पाहून तो उभा राहिला. काहीतरी ठरवून आलेला असावा, पण एवढ्या लोकांत ते सगळं गळून पडलं.

"रजा टाकून आलो," तो म्हणाला. "धारणीले येशीन का? मी दर शनिवारी येईन तिथं. रोज येता आलं तर रोज येईन. आईचं सगळं मी पायतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी आधीच विचारायचं होतं."

बाकावरचे लोक ऐकत होते. म्हाताऱ्यानं तर मान वळवून ज्योत्स्नाकडं पाहिलं, जणू तिनं आता रिपोर्टच सांगायचा होता.

"हातात सॅम्पल हाय माझ्या," ती म्हणाली. "ड्यूटी संपल्यावर सांगीन."

"बसतो मी," ललित म्हणाला, आणि खरंच बसला.

ती आत आली. नळ्यांवर नावं लिहिली, मशीन लावलं, पुढच्या माणसाला बोलावलं. काचेच्या खिडकीतून बाक दिसत होता. कुणीतरी लंगडत आलं तेव्हा ललितनं उठून जागा दिली. मग भिंतीला टेकून उभा राहिला, जागा झाल्यावर पुन्हा बसला. दर वेळी दार उघडलं की तो मान वर करत होता. ती नाही असं पाहून पुन्हा खाली घालत होता. ती मान वर करणं ज्योत्स्नाला ओळखीचं वाटलं. रविवारी संध्याकाळी, फोन मांडीवर घेऊन, तीही अशीच करायची.

गजाला दोनदा आत डोकावून गेली. "सांगून तर टाक त्याले," ती कुजबुजली. "काय सांगनार हाय ते मले बी दिसून राह्यलं."

"सांगीन," ज्योत्स्ना म्हणाली.

उत्तर तिच्याकडं होतंच. ते त्या पायरीवर बसल्यापासूनच होतं, कदाचित त्याच्याही आधीपासून. पण तो बाहेर बसला होता, तिच्यासाठी, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. त्यानं आणखी थोडं बसावं असं तिला वाटलं. तिनं हातमोजे बदलले आणि पुढचं नाव पुकारलं.